जे-पाच लागत नाही: एका ज्यूकबॉक्ससाठी संभाजीनगर

नाशिकहून लोक संभाजीनगरला वेरूळ बघायला जातात, दौलताबाद चढायला जातात, गेला बाजार कुणाच्या लग्नाला तरी जातात. मी गेले ती एका बिघडलेल्या मशीनपायी. घरात सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "तिथं मेकॅनिक नाहीत का?" मी म्हटलं, "आहेत, पण त्यांनीच बिघडवलंय."

झालं असं, की टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माझ्या नोकरीबद्दल मी मागे इथं एक लेख लिहिला होता. जुन्या एक्स्चेंजमध्ये हॉलभर रिले असायचे, म्हणजे विजेनं ओढले जाणारे छोटे चुंबकी स्विच. कुणी नंबर फिरवला की ते खडखड वाजत एकाला दुसरा जोडत जायचे. त्यांच्यावर माझी सत्तावीस वर्षं गेली. त्या लेखाखाली वैशाली नावाच्या बाईंनी लिहिलं, 'ताई, आमच्या हॉटेलात एक अमेरिकन ज्यूकबॉक्स आहे. दाबतो एक गाणं, लागतं दुसरं. कधी लागतच नाही. सोमवारी तो पुण्याला चाललाय. तुम्ही फोनवर काही सांगू शकाल का?'

फोनवर काय सांगणार? फोटो मागवले. मागचं झाकण काढल्याचा फोटो आला. त्यातले रिले बघितले आणि माझा जीव एकदम तीस वर्षं मागे गेला. तेच पितळ, त्याच कापडी वेष्टणाच्या वायरी. निवृत्त झाल्यापासून मी रिलेला हात लावला नव्हता. लगेच उत्तर लिहिलं, 'शुक्रवारी येते. राहायचं माझं मी बघते.'

शुक्रवार

सकाळी सातची एसटी पकडली. येवला, वैजापूर, गंगापूर असा रस्ता. पाच तास धरून चला. येवल्याच्या पुढे रस्ता बरा आहे, मधे मधे काम चालू आहे तिथं गाडी बैलगाडीच्या चालीनं जाते. वैजापूरला चहा आणि गरम भजी. खिडकीशेजारच्या आजोबांनी माझ्या पिशवीतून डोकावणारं, वायरी डकवायच्या सोल्डरचं वेटोळं बघितलं.

"काय काम करता बाई?"

"दुरुस्ती."

"कशाची?"

"गाण्याच्या पेटीची."

आजोबांनी थोडा विचार केला. "आमचा पंप बगता का?" म्हणाले. ते गंगापूरला उतरेपर्यंत पंपाची सगळी हकीकत ऐकून घेतली. निदान मी सांगितलं, बरोबर की चूक ते त्यांचा पंप जाणे.

स्टेशन रोडच्या बाजूला एक साधं लॉज घेतलं. हजाराच्या आतबाहेर, गरम पाणी सकाळी नऊपर्यंतच, चादरी स्वच्छ. एकट्या बाईला कुणी विचित्र प्रश्न विचारले नाहीत, हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणी तेच विचारतात.

हॉटेल तिथून चालत दहा मिनिटांवर. हॉटेल म्हणजे आता नुसती पाटी. आत टेबलं एकमेकांवर रचलेली, पंखे उतरवलेले. जागा मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं दिली आहे, मंगळवारपासून तोडफोड सुरू. वैशाली बँकेत नोकरी करते, तिनं अर्धा दिवस रजा काढली होती. तिचे वडील अण्णा, वय चौऱ्याऐंशी, पांढरा शर्ट, हातात काठी, खुर्ची बरोबर दारात टाकून बसलेले. मूळचे देवगाव रंगारीचे. तिथं शेती अजून आहे. पन्नास वर्षांपूर्वी दोघे भाऊ शहरात आले आणि त्यांनी हे हॉटेल काढलं.

"नाशिकहून आल्या?" अण्णा म्हणाले. "पेटीसाठी? लईच हाय बुवा."

आणि काउंटरमागे एक बाई उभ्या होत्या. सडपातळ, सत्तरीच्या आसपास, नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी. त्या कमलकाकू, अण्णांच्या धाकट्या भावाच्या पत्नी. भाऊ, विलास, चाळीसेक वर्षांपूर्वी कन्नडच्या पुढच्या घाटात जीप उलटून गेला. त्याच्या आधीही आणि नंतरही गल्ल्यावर काकूच बसायच्या. हे मला वैशालीनं हळूच सांगितलं. काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला पाण्याचा तांब्या दिला आणि उभ्या राहिल्या.

मशीन मात्र देखणं! वर गोल काच, आत चक्राकार टोपलीत उभ्या लावलेल्या पन्नास लहान तबकड्या, पुढे बटणांच्या दोन ओळी. मुंबईचं एक इराणी हॉटेल बंद होत होतं, तिथून विलासनं ते ट्रकात घालून आणलेलं. ज्यांनी ज्यूकबॉक्स बघितलाच नाही त्यांच्यासाठी सांगते. नाणं टाकायचं. मग एक अक्षर आणि एक आकडा दाबायचा. अक्षरं दहा, ए ते के, त्यात आय नाही, कारण तो एक आकड्यासारखा दिसतो. आकडेही दहा. म्हणजे शंभर गाणी, तबकडीच्या दोन बाजू धरून. टोपली फिरते, हव्या त्या तबकडीशी थांबते, एक हात ती उचलतो आणि सुईखाली ठेवतो. सगळं काचेतून दिसतं. पोरं म्हणे गाण्यापेक्षा तो हात बघायलाच पैसे टाकायची.

"पुण्याला कुणाकडे चाललंय?" मी विचारलं.

वैशाली जरा ओशाळली. "नवीन कॅफे सजवणारे आहेत. आतलं सगळं काढून ब्लूटूथ स्पीकर बसवणार आहेत. त्यांना चालू नसला तरी चालतो."

"मग दुरुस्त कशाला करायचा?"

"काकू म्हणाली, जायच्या आधी एकदा नीट वाजू दे."

मी काकूंकडे बघितलं. त्या काउंटर पुसत होत्या. हॉटेल बंद, गिऱ्हाईक नाही, आणि पुसणं चालू.

शनिवार

सकाळी आठला गेले. पोहे वैशालीनं आणलेले, वर शेव आणि भरपूर कांदा.

पहिलाच दोष नाण्याचा. दिवे लागत होते, बटणं दाबली की मशीन ढिम्म. अशा वेळी लोक बटणांवर राग काढतात. आधी बघायचं असतं, मशीनला पैसे पोचल्याचं कळलंय का. नाणं आत पडताना एक काटा दाबतं, काटा रिले ओढतो, रिलेनं परवानगी दिली तरच बटणं जिवंत होतात. रिले ओढला जात होता, पण वीज जोडणाऱ्या त्याच्या टिकल्या काळ्या पडलेल्या, वर खरवडलेल्या. कुणीतरी पॉलिशपेपर मारला होता. अहो, त्या टिकलीवर चांदीचा पातळ थर असतो! एक्स्चेंजमध्ये असं करणाऱ्याला आमचे साहेब हॉलबाहेर काढायचे. कोऱ्या जाड कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवायची, टिकल्यांच्या मधे धरायची, बोटानं हलकं दाबून ओढायची. कागद काळा निघतो. पांढरा निघेपर्यंत करत राहायचं.

दुसरा दोष उंदराचा. डी आणि ई या दोन अक्षरांच्या वायरी कुरतडलेल्या.

तिसरा माणसाचा. सात दाबलं की आठ लागायचं, आठ दाबलं की सात. कुणीतरी दोन वायरी सोडवून उलट्या डकवल्या होत्या. वायर आणि स्पिरिट संपलं म्हणून दुपारी शहागंजात गेले. रिक्षा करा, चालत जाऊ नका, गर्दी फार. जुन्या रेडिओच्या दुकानात एक चाचा चष्मा कपाळावर ठेवून बसले होते. तसल्या कापडी वेष्टणाची वायर मागितली तर वर बघितलं.

"किसमें डालते बाजी?"

"ज्यूकबॉक्समध्ये."

"वो टेसनवाला? अब्बी तक हय?" चाचांनी चष्मा खाली घेतला. "हौ, हम कॉलेज बुडाके जाते थे. चाय एक, गाने चार. विलाससेठ कुछ नै बोलते थे. बिचारे जवान गए." वायर मोजून दिली आणि वर हातभर जास्त सोडली. शेजारीच नान-खलिया मिळतो, खाणाऱ्यांनी चुकवू नये. झणझणीत रस्सा आणि नान, दोघांत एक पुरतं. मी एकटीनं संपवलं.

संध्याकाळी साडेपाचला चाचणी. इथं माझी हुशारी ऐका. शंभर गाणी तपासायला शंभर वेळा दाबायची गरज नसते. प्रत्येक अक्षर एका आकड्याबरोबर दाबा, मग प्रत्येक आकडा एका अक्षराबरोबर. एकोणीस वेळा. दहाही अक्षरं जिवंत, दहाही आकडे जिवंत, म्हणजे शंभरही जोड्या जिवंत. एक्स्चेंजमध्ये आम्ही वेळ वाचवायला असंच करायचो. एकोणीसच्या एकोणीस बरोबर लागली. टोपली फिरली, हात उठला, कर्र करून सुई टेकली आणि त्या रिकाम्या हॉटेलात एक जुनं हिंदी गाणं भरून राहिलं. तबकड्या झिजलेल्या, खरखर पुष्कळ, पण आवाज असा गोल, जाड, पोटातून येणारा. मला माझ्या पहिल्या पगाराच्या दिवसाची आठवण झाली, का ते सांगता येणार नाही. अण्णा काठीनं ताल धरत होते. वैशाली व्हिडिओ काढत होती.

मी हात झटकले. "झालं! शंभरच्या शंभर लागतात."

काकू हसल्या. हसल्या म्हणजे ओठ हलले. "बरं झालं," म्हणाल्या.

रविवार

काम संपलं या आनंदात मी सकाळी फिरायला निघाले. वेरूळला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, लेणी मंगळवारी बंद असतात. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते, शेअर जीपही. आधी दौलताबादला उतरले. आमच्या गुडघ्यांनी अंधाऱ्या बोगद्यापर्यंतच साथ दिली. तिथून परत फिरले, त्याची लाज वाटत नाही. पायथ्याशी पेरू मिळाले, मीठ-तिखट लावून. वेरूळला कैलास लेण्यात दोन तास नुसती बसून राहिले. वरून खाली कोरत आलेत. एक घाव चुकला तर उडालेला दगड परत लावता येत नाही. सोल्डर करणाऱ्या बाईला हा विचारच घाम फोडतो.

नाशिकची पाचची गाडी धरायची होती. चारला हत्यारांची पिशवी घ्यायला हॉटेलवर आले. शटर अर्धं उघडं. वाकून आत गेले तर काकू एकट्या मशीनसमोर. मशीनचे दिवे लागलेले. त्यांच्या मुठीत जुनी नाणी होती. एक टाकलं, दोन बटणं दाबली, थांबल्या. टोपली हलली नाही. पुन्हा दाबली. नाही.

"कुठलं लावताय?" मी विचारलं.

त्या दचकल्या. मग बटणांकडे बोट केलं. "तुम्ही म्हणलात सगळी लागत्यात. हे नाय लागत."

जे आणि पाच.

मी दाबून बघितलं. काही नाही. जे-एक लागलं. जे-चार लागलं. ए-पाच लागलं. जे-सहा, म्हणजे त्याच तबकडीची मागची बाजू, तीही लागली. शंभरातलं एकच गाणं बंद, आणि माझी एकोणीसची हुशारी बरोबर त्यालाच वगळून गेली होती. इतकी शरम मला नोकरीतही कधी वाटली नव्हती.

"काढते दोष," मी म्हटलं आणि झाकणाचे स्क्रू सोडायला लागले. पाचच्या गाडीचा नाद सोडला.

काकू खुर्ची ओढून जवळ बसल्या. मी आत डोकं घातलेलं, माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, म्हणूनच बहुतेक त्या बोलल्या.

"माझ्याच हातानं मोडलंय ते."

"कशावरून?"

"हे गाणं त्यांचं. ते गेले त्याच्या दोन-चार महिने आधी मुंबईहून आणलं होतं. दुकान बंद करायच्या टायमाला लावायचे. हे लागलं की मी गल्ल्याला कुलूप घालायची, की निघालो घरी. ते गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी परत येऊन बसले. घरी करू तरी काय? तर एका गिऱ्हाइकानं भर दुपारी हेच लावलं. मला काय झालं ठावं नाय. उठले अन् दोन्ही हातांनी पेटीला गुद्दे घातले. सगळं हॉटेल बघत होतं. अण्णांनी धरून आत नेलं." मागे नाणी खुळखुळली. "त्याच्यानंतर हे लागलंच नाय. बाकी सगळी लागत्यात, हेच नाय. दोन-तीन वर्षं मी रोज सकाळी, कुणी यायच्या आधी दाबून बघायची. मग सोडून दिलं. कुणाला म्हणू? मीच मोडलं होतं."

आत मी बॅटरी धरली होती. या मशीनमध्ये प्रत्येक गाण्यासाठी पितळी पत्त्यांची एक बारीक जोडी असते. अक्षर आणि आकडा जुळले की त्या जोडीतून वीज जाते आणि त्या गाण्याची खूण पडते. शंभर जोड्या ओळीनं. मोजत मोजत जे-पाचवर आले. गुद्द्यांनी मोडायला तिथं काही नव्हतंच. पत्त्या सरळ, सोल्डर चकचकीत. आणि दोन पत्त्यांच्या मधे एक कागदाची घडी. चार पदरी, नखाएवढी, कडा कात्रीनं सरळ कापलेल्या.

ती घडी मी ओळखते. मी स्वतः हजार वेळा केली असेल. ग्राहकाचा फोन काही दिवस बंद ठेवायचा असेल तर एक्स्चेंजमध्ये वायर कुणी तोडत नाही. पत्त्यांच्या मधे पाचर सरकवायची, प्लास्टिकची नसेल तर जाड कागदाची. लाइन गप्प होते. नंतर पाचर काढली की पहिल्यासारखी सुरू. हे काम टेलिफोनच्या माणसाचंच, आणि बंद करताना पुन्हा चालू करण्याची सोय ठेवणाऱ्याचं.

चिमट्यात ती घडी धरून मी बाहेर आले. खरं सांगते, खोटं बोलायचं जवळजवळ ठरवलं होतं. धूळ होती, साफ केली, दाबा आता. काकूंना गाणं मिळालं असतं, मला सहाची गाडी. पण मग 'मीच मोडलं' हे ओझं त्यांच्यावर तसंच राहिलं असतं.

"काकू, तुम्ही काही मोडलं नाहीत," मी म्हटलं. "हा कागद कुणीतरी मुद्दाम घातलाय. तुमच्या ओळखीत टेलिफोनमधलं कुणी होतं?"

उत्तर मागून आलं. अण्णा शटरखालून वाकून येत होते, एका हातात काठी, दुसऱ्यात चहाची किटली.

"मुकुंदा," ते म्हणाले. "मुकुंदाचं काम हाय ते. टेलिफोनात होता. रोज चहाला यायचा. मीच सांगितलं त्याला."

काकू त्यांच्याकडे वळल्या.

"तू त्या दिवशी पेटीला मारत होतीस," अण्णा म्हणाले. किटली ठेवायला त्यांना जागा सापडेना. "मला बघवलं नाय. मुकुंदाला म्हणलं, तबकडी काढू नको. विलासनं हातानं लावलीय, तिची जागा तिलाच राहू दे. फकस्त वाजू देऊ नको. तू रडशील म्हणून."

"रडले असते की," काकू म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "तशी रडले नाय व्हय? घरी जाऊन रडतच होते. वर तोंडानं बोलायची चोरी, की मीच मोडलं म्हणून. एकदा इचारायचं तरी मला, अण्णा."

अण्णा खुर्चीत बसले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यभर हॉटेल चालवलेला, आणि किटली मांडीवर धरलेली. म्हणाले, "सुचलं नाय गं. तुला बरं वाटंल असंच वाटलं."

मी तिथं नसते तर बरं झालं असतं. पण होते, आणि हातात चिमटा होता. तो खाली ठेवला, वळून एक नाणं आत टाकलं आणि बाजूला झाले.

काकूंनी जे दाबलं. मग पाच.

टोपली फिरली. हात उठला, तबकडी उचलली, सुई टेकली. आणि खरखर नाही. काल संध्याकाळपासून मी वीसेक गाणी ऐकली होती, प्रत्येक झिजून झिजून बसलेलं. हे नवं कोरं होतं. दोन-चार महिने वाजून ते जे थांबलं, ते चाळीस वर्षं कुणाच्या सुईनं घासलंच नव्हतं. शब्द न् शब्द स्वच्छ. गाणाऱ्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. फार मोठं गाणं नव्हतं, कुठल्या तरी न चाललेल्या सिनेमातलं दोघांचं, हलकं, थोडं खट्याळ. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अण्णा खाली मान घालून बसले होते.

काकू रडल्या नाहीत. काचेतून फिरणारी तबकडी शेवटपर्यंत बघत राहिल्या. मधे एकदा हसल्या, या वेळी खरोखर, काहीतरी फक्त त्यांना माहीत असलेलं आठवून. गाणं संपलं, मशीनच्या हातानं तबकडी जागेवर ठेवली. मग त्या काउंटरमागे गेल्या, फडक्याची घडी घातली, रिकाम्या गल्ल्याचा खण आत लोटला आणि म्हणाल्या, "चला अण्णा. चहा घरी पिऊ."

सोमवार आणि त्यानंतर

सकाळी साडेआठला पुण्याचा टेम्पो आला. मी आणि वैशालीनं मिळून काच उघडली आणि ती तबकडी काढून काकूंना दिली. पुण्याच्या माणसांना एक जागा रिकामी राहिल्याचं काही वाटलं नाही, त्यांना तर सगळंच रिकामं करायचं होतं. चार हमाल, दोऱ्या, जुन्या गाद्या. मशीन टेम्पोत चढलं. अण्णांनी त्याच्या लाकडी अंगावर एकदा हात फिरवला. मी त्याच दुपारच्या गाडीनं निघाले. काकूंनी डब्यात भाकरी आणि ठेचा दिला होता. वैजापूरच्या आधीच संपवला.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. दोन दिवस वेरूळ-दौलताबाद, एक दिवस अजिंठा, तो सोमवारी बंद असतो. शहागंज सकाळी करा. ते हॉटेल आता शोधू नका, तिथं मोबाइलचं दुकान आहे.

परवा वैशालीचा मेसेज आला. काकूंकडे तबकडी वाजवायचं यंत्र नाही आणि त्यांना नकोही आहे. अण्णांनी घेऊन देतो म्हटलं तर म्हणाल्या, इतकी घाई नाही. पण दोघं आता विलासकाकाबद्दल बोलतात. जेवताना, टीव्ही बघताना, कधीही. वैशालीनं लिहिलं, 'ताई, माझ्या चाळीशीत मला कळलं की काका चहात मीठ घालून प्यायचा.'

मी मेसेज वाचला आणि फोन हातात तसाच धरून बसले. माझी मैत्रीण आहे सुनंदा, एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर होती. सहा वर्षांपूर्वी तिचा मुलगा गेला. निखिल. तेव्हापासून आम्ही सगळ्या जणी तिच्यासमोर त्याचं नाव घेत नाही. हळदीकुंकवाला, सहलीला, भिशीला, कुठंच नाही. कुणाच्या मुलाचा विषय निघाला की पटकन दुसरं काहीतरी बोलतो. किती काळजी घेतो आपण, असं मला आत्तापर्यंत वाटत होतं.

तिला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हटलं, "सुनंदा, आज निखिलची फार आठवण आली गं. लहान होता तेव्हा तुझ्याबरोबर यायचा आणि माझा हेडफोन कानाला लावून हॅलो हॅलो करत बसायचा."

पलीकडे काहीच ऐकू येईना. लाइन कट झाली की काय म्हणून मी फोन कानापासून दूर धरून बघितला. चालू होती.

"थांब हं," सुनंदा म्हणाली. "गॅस बंद करून येते. ठेवू नकोस."